'गेट' म्हणजे मिळणे, मग 'अंधार मिळत होता' का नाही?

प्रश्न पाचोरा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: आठवीच्या मुलांना 'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ 'मिळणे' असा सांगितला. पुढे वाचनात 'इट वॉज गेटिंग डार्क' आलं आणि एका मुलाने वहीत लिहिलं, 'अंधार मिळत होता'. बाईंनी शब्दकोश उघडला, तर अर्थ संपता संपेनात. यातले मुलांकडून किती पाठ करून घ्यावेत आणि कोणते? जोडीला एक उपप्रश्न आहे. गावातला एक मुलगा अमेरिकेत असतो, तो 'गॉटन' म्हणतो. ते चूक की बरोबर?

ताई, एकही अर्थ पाठ करायला देऊ नका. हा शब्द एकटा समोर आला तर त्याचा अर्थ मलाही सांगता येणार नाही. त्याच्या पुढे काय उभं आहे ते दाखवा, लगेच सांगतो. जळगाव-धुळ्याकडची मुलं शिकवण्यात माझी नोकरी गेली, आणि या शब्दाच्या अर्थांच्या याद्या पाठ केलेली पोरं वाक्य समोर आलं की यादीतला पहिलाच अर्थ चिकटवताना मी कायम पाहिली आहेत. तुमच्या त्या मुलाने तेच केलं. त्याला ओरडू नका, तुम्ही सांगितलेला नियम त्याने इमानदारीने पाळला.

आधी उच्चाराचं एक सांगून टाकतो, कारण देवनागरीत लिहिलं की घोटाळा होतो. रेल्वेच्या फाटकाला आपण 'गेट' म्हणतो, तो शब्द वेगळा. त्यातला 'ए' लांबतो. या क्रियापदातला 'ए' तोकडा आहे, 'पेन' किंवा 'बेड'मध्ये असतो तसा. मुलांकडून दोन्ही शब्द पाठोपाठ म्हणवून घ्या, कान लवकर तयार होतात.

आता मुद्द्याचं. पहिल्या तासाला इंग्रजीत शिरूच नका. फळ्यावर 'लागणे' लिहा आणि मुलांकडून वाक्यं मागवा. धो धो येतील. भूक लागली, ठेच लागली, निकाल लागला, भावाला नोकरी लागली, फोन लागला, डोळा लागला, नजर लागली. कुणीतरी 'तो माझा मामा लागतो' म्हणेल. 'पाऊस पडू लागला' येईल, 'शेतात जावं लागतं' येईल. 'फलाटाला गाडी लागली' आणि 'मला गाडी लागते' ही दोन शेजारी शेजारी लिहा, वर्ग हसेल, कारण पहिल्यात गाडी उभी आहे आणि दुसऱ्यात उलटी. ज्यांच्या घरी अहिराणी बोलतात ती पोरं 'माले भूक लागनी' म्हणतील. तेही फळ्यावर घ्या. घरची भाषा फळ्यावर आली की मागच्या बाकावरचेही बोलायला लागतात.

मग विचारा, 'लागणे'चा अर्थ काय? कुणालाच सांगता येणार नाही. आणि तरीही एकही वाक्य कुणी चुकीचं समजणार नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, ती आज इंटरनेटवर फुकट वाचता येते. तिच्यात 'लागणें' काढून बघा, म्हणजे मराठी शिकणाऱ्या साहेबाचं काय होत असेल ते कळेल. इंग्रजीचं दुखणं वेगळं नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाखाली ४३० च्या आसपास अर्थ होते. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' हा शब्द त्याच्या पुढे गेला, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ भरले. या आकड्यांनी घाबरायचं कारण नाही. कोशकार बारीक बारीक छटा वेगळ्या काढतात, ते त्यांचं कामच आहे. बोलणारा माणूस ६४५ कप्पे डोक्यात घेऊन हिंडत नाही.

मग मुलं 'लागणे' बरोबर कसं ओळखतात? डावीकडे बघून. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'निकाल' ऐकला की पुढच्या 'लागला'चं काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. 'जावं' आलं की त्यानंतरचं 'लागतं' सक्तीचं, 'पडू' आलं की 'लागला' म्हणजे सुरुवात झाली. इंग्रजीत क्रियापद आधी येतं आणि त्याचा निकाल लावणारा शब्द त्याच्या उजवीकडे असतो. आपल्या मुलाचा डोळा लहानपणापासून डावीकडे बघायला सरावलेला. तो 'गेट'पाशी पोचतो, मागे 'आय' किंवा 'इट' दिसतं, त्यातून काहीच कळत नाही, मग तो पाठ केलेला अर्थ काढतो. म्हणून वर्गात एवढीच सवय लावा: 'गेट' दिसलं की त्यावर बोट ठेवायचं आणि बोट उजवीकडे सरकवायचं. काय सापडलं ते आधी मोठ्याने सांगायचं, अर्थ नंतर.

याचा चटका बसायला दोन वाक्यं पुरतात. 'आय गॉट अ कोल्ड' आणि 'आय गॉट कोल्ड'. पहिल्यात मला सर्दी झाली, दुसऱ्यात मला थंडी वाजली. मधला एवढासा 'अ' गेला आणि दुखणं बदललं. 'अ' आहे म्हणजे पुढे नाम आहे, 'अ' नाही म्हणजे 'कोल्ड' हे विशेषण आहे. आपल्याकडे 'अ', 'अॅन', 'द' हे शोभेचे शब्द समजून गाळतात. इथे ते गाळता येत नाहीत हे मुलांना एकदा दिसलं की व्याकरणाचा तो धडाही थोडा जिवंत होतो.

उजवीकडे काहीही असो, या शब्दाच्या पोटात एक गोष्ट कायम असते: बदल. आधी नव्हतं, आता झालं. 'हॅव' म्हणजे जवळ असणं, 'गेट' म्हणजे जवळ येणं. 'बी' म्हणजे तसं असणं, 'गेट' म्हणजे तसं होणं. 'शी इज मॅरिड' म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे, 'शी गॉट मॅरिड इन मे' म्हणजे मे महिन्यात लग्न झालं. मराठीत आपण 'मी भिजलेला होतो' आणि 'मी भिजलो' यात जो फरक करतो, तोच 'आय वॉज वेट' आणि 'आय गॉट वेट' यात आहे. तुमच्या धड्यातला अंधारही असाच. 'इट वॉज डार्क' म्हटलं असतं तर अंधार होता. 'गेटिंग' म्हटलं म्हणून तो पडत चालला होता.

या विशेषणवाल्या वापरात मराठी मुलाची अडचण जरा निराळी आहे. आपण प्रत्येक बदलाला वेगळं क्रियापद वापरतो. अंधार पडतो, राग येतो, उशीर होतो, थंडी वाजते, कंटाळा येतो, चहा गार होतो. इंग्रजीने या सगळ्यांना एकच खुंटी ठोकली आहे: 'गेट डार्क', 'गेट अँग्री', 'गेट लेट', 'गेट कोल्ड', 'गेट बोअर्ड'. तेव्हा भाषांतर करताना 'गेट'चा मराठी शब्द शोधायचा नाही, विशेषणाचा शोधायचा. 'डार्क' म्हणजे अंधार, आणि अंधाराचं आपल्याकडे काय होतं? पडतो. झालं. मुलांना मराठी येतंच, तिथे त्यांना कुणी हरवू शकत नाही. मात्र सगळेच बदल या खुंटीला टांगू देऊ नका. दूध नासलं तर 'द मिल्क वेन्ट बॅड' असं म्हणतात, वेड लागलं तर 'वेन्ट मॅड', केस पिकले तर 'वेन्ट ग्रे' किंवा 'टर्न्ड ग्रे'. बिघडणं आणि रंग बदलणं यांच्याकडे 'गो'चा ओढा जास्त. याला नियम म्हणू नका, ऐकून ऐकून बसतं.

उजवीकडे नुसतं नाम असेल तेव्हा तुमचा 'मिळणे' बहुतेक वेळा चालतो, पण त्यातही ओळख हवी. 'आय गॉट अ लेटर' मिळालं, 'आय गॉट अ शर्ट फ्रॉम जळगाव' विकत आणला, 'आय गॉट द फाइव्ह ओ'क्लॉक बस' पकडली, 'आय गॉट मलेरिया' झाला, 'आय गॉट द जोक' कळला. दोन नामं आली, 'गेट मी सम वॉटर', तर आणून दे. मुलांना न सुचणारा एक वापर मुद्दाम सांगा. घरात फोन वाजतो किंवा दाराची घंटी वाजते आणि कुणी म्हणतं, 'आय विल गेट इट'. फोन मिळवायचा नाही, उचलायचा आहे. आपण 'थांब, मी बघतो' म्हणतो ना, तेच. आणि 'यू विल गेट इट!' असं आईने डोळे वटारून म्हटलं तर मार मिळणार आहे.

इथे खानदेशी पोरांची एक खास गंमत आहे, पुण्याच्या मास्तरांना ती कळणार नाही. आपण 'मिळणे'च्या जागी सर्रास 'भेटणे' म्हणतो. बस भेटली का, किती मार्क भेटले, बाजारात मेथी भेटली नाही, कापसाले काय भाव भेटना. यावर बाहेरचे लोक हसतात, हसू देत. माझ्या मते आपला 'भेटणे' हा 'गेट'च्या फार जवळ जातो, कारण 'बस मिळवली' असं आपण म्हणत नाही आणि इंग्रजही 'गॉट द बस' म्हणताना काही कमावल्याच्या थाटात म्हणत नाही. अडचण उलट्या बाजूने येते. आपल्याकडे माणूसही भेटतो आणि मार्कही भेटतात. त्यामुळे 'काल बाजारात सर भेटले'चं इंग्रजी 'आय गॉट माय टीचर इन द मार्केट' असं होतं, म्हणजे सर जणू किलोवर विकायला होते. आणि ज्याला 'मीट' नवीन शिकवलं तो 'आय मेट एटी मार्क्स' लिहितो. दोन्ही चुका एकाच तासात फळ्यावर घ्या: वस्तू असेल तर 'गेट', माणूस असेल तर 'मीट'. नंतर हळूच सांगा की 'गेट'पुढे माणूस आलाच तर बोट आणखी पुढे न्यायचं. 'गेट द डॉक्टर' म्हणजे डॉक्टरला बोलावून आण. 'गेट द चिल्ड्रन रेडी' म्हणजे मुलांना तयार कर. 'डोन्ट गेट मी राँग' म्हणजे गैरसमज करून घेऊ नका.

फोनवर बोलताना आपल्याकडची नोकरदार मंडळी हटकून म्हणतात, 'आय अॅम नॉट गेटिंग यू'. भारतात सगळ्यांना कळतं, त्यामुळे मी कुणाला टोकत नाही. पण 'कळणे' या अर्थाने 'गेट' असेल तर इंग्रज सहसा चालू काळ वापरत नाही. 'आय डोन्ट गेट इट' म्हणतो. आवाज येत नसेल तर 'आय कान्ट हिअर यू'. परीक्षेत मुलांनी हे लिहावं, घरी काय बोलायचं ते बोलोत.

जागा आणि वाहनं यांच्याबद्दल थोडक्यात. 'आय गॉट होम' म्हणजे घरी पोचलो, 'आय गॉट टू भुसावळ' म्हणजे भुसावळला पोचलो. 'होम', 'हिअर', 'देअर' यांच्याआधी 'टू' नाही, बाकी गावाला 'टू' लागतो. चढण्या-उतरण्याचं मात्र फळ्यावर लिहाच, कारण आपण सगळे 'गेट डाउन' म्हणतो. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्याला 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ': एसटी, रेल्वे, विमान. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ': कार, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतात त्याला पुन्हा 'ऑन' आणि 'ऑफ': सायकल, मोटारसायकल, सारंगखेड्याच्या बाजारातला घोडा. अमळनेरला उतरायचं तर 'आय विल गेट ऑफ अॅट अमळनेर'. 'गेट डाउन' म्हटलं तर इंग्रज माणसाला वाटतं हा झाडावरून किंवा शिडीवरून खाली येतोय, नाहीतर गोळी चुकवायला खाली वाकतोय.

आता जरा रेंगाळतो, कारण उजवीकडे 'टू' आलं की मोठी मोठी मुलंही गडबडतात. चार वाक्यं बघा.

'आय गॉट टू नंदुरबार अॅट टेन.' 'टू'च्या पुढे गाव आहे. पोचलो.

'आय गॉट टू सी अजिंठा.' 'टू'च्या पुढे क्रियापद आहे. अजिंठा बघायला मिळालं. संधी मिळाली, नशिबाने जमलं. मराठीत आपण हुबेहूब 'बघायला मिळालं' म्हणतो, तेव्हा हे एकदा सांगून पुरतं.

'आय हॅव गॉट टू सी द डॉक्टर.' मागे 'हॅव' आलं आणि सगळं उलटलं. डॉक्टरला दाखवावं लागेल. संधी गेली, सक्ती आली. 'मिळणे'चं 'लागणे' झालं. बोलताना हा 'हॅव' इतका गिळला जातो की ऐकू येतं नुसतं 'गॉटा', आणि मोबाइलवर पोरं तसंच टाइपही करतात. वहीत चालणार नाही हे बजावून ठेवा. इथे नुसतं उजवीकडे बघून भागत नाही, डावीकडचा 'हॅव'ही बघावा लागतो.

'गेट टू वर्क.' हे वाक्य मला फार आवडतं. आईने पोराला म्हटलं तर 'कामाला लाग'. आणि 'आय गेट टू वर्क अॅट टेन' म्हणजे मी दहाला कामावर पोचतो. दोन्हीत 'वर्क' नामच आहे, फरक कोण कुणाला कशासाठी सांगतोय यातून कळतो. अशा वेळी मुलांना उत्तर सांगून टाकू नका, आधी वाक्य कुठे बोललं गेलं असेल ते विचारा.

याच घरातला आणखी एक: 'गेट युज्ड टू'. जळगावच्या बदलीवर आलेल्या माणसाला आपण एप्रिलमध्ये काय सांगतो? होईल सवय. 'यू विल गेट युज्ड टू द हीट.' इथला 'टू' क्रियापदाचा नाही, म्हणून क्रियापद आलंच तर त्याला 'इंग' लावायचं: 'गेट युज्ड टू स्लीपिंग ऑन द टेरेस'. आणि 'आय युज्ड टू स्लीप ऑन द टेरेस' म्हणजे मी पूर्वी गच्चीवर झोपायचो, तिथे सवयीचा प्रश्नच नाही. स्पर्धा परीक्षांच्या पेपरात ही जोडी हमखास येते. त्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना मी हीच जोडी पहिल्या दिवशी घालतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा वापर, जो शाळेत जवळजवळ शिकवलाच जात नाही. विचारा मुलांना, 'मी काल केस कापले' याचं इंग्रजी करा. वर्गातली सगळी मुलं 'आय कट माय हेअर' लिहितील. म्हणजे आरशासमोर बसून स्वतःच कात्री चालवली. कापले न्हाव्याने, म्हणून 'आय गॉट माय हेअर कट'. आधी गोष्ट, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काम दुसऱ्याने केलं, करवून घेणारा मी. ट्रॅक्टर दुरुस्त करून घेतला, 'आय गॉट द ट्रॅक्टर रिपेअर्ड'. रक्त तपासून घेतलं, 'आय गॉट माय ब्लड टेस्टेड'. दाखल्याची झेरॉक्स काढून घेतली, चष्म्याचा नंबर काढून घेतला, मोटर रिवाइंड करून घेतली. गावातल्या निम्म्या कामांना हे वाक्य लागतं. मराठीत 'करून घेणे' तयारच आहे, फक्त आपण बोलताना ते आळसाने गाळतो आणि नुसतं 'केस कापले', 'घर रंगवलं' म्हणतो. म्हणून आधी मराठी वाक्य नीट करायला लावा: रंगवलं की रंगवून घेतलं? घेतलं असेल तर 'गेट'.

आणि इथे मराठी-इंग्रजीचं असं काही जुळलंय की मला दर वेळी मौज वाटते. 'केस कापून घेतले' यातला 'घेणे' हवाहवासा आहे. 'बोट कापून घेतलं' यातला नकोसा आहे, ते काही कुणाकडून करवून घेतलेलं नाही, ओढवून घेतलेलं आहे. इंग्रजीतही तीच रचना दोन्हीला चालते. 'शी गॉट हर हेअर कट' आणि 'शी गॉट हर फिंगर कॉट इन द डोअर', म्हणजे दारात बोट चेमटून घेतलं. पहिलीत पैसे दिले, दुसरीत कळ आली. रचना एक. मराठी मुलाला हे समजावून द्यावंच लागत नाही, नुसतं शेजारी शेजारी मांडलं की तोच म्हणतो, 'सर, आपल्यासारखंच आहे हे.'

माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर मात्र 'टू' लागतो: 'आय गॉट हिम टू साइन'. सही करायला लावली, पण गोडीगुलाबीने, चार वेळा चकरा मारून. 'आय मेड हिम साइन' म्हटलं की जबरदस्ती आली. 'आय हॅड हिम साइन' म्हटलं की नुसतं सांगितलं आणि त्याने केलं, बहुधा तो हाताखालचा माणूस असावा. 'मेक' आणि 'हॅव' यांच्यापुढे 'टू' नाही, 'गेट'पुढे आहे. तलाठ्याकडून उतारा काढणाऱ्या प्रत्येकाला यातलं कोणतं क्रियापद वापरायचं ते आपोआप कळेल.

गोष्ट नसेल आणि नुसतं तिसरं रूप आलं, तर काहीतरी आपल्यावर येऊन आदळलं आहे. 'ही गॉट कॉट' पकडला गेला, 'वी गॉट स्टक' अडकलो, 'द बनाना प्लँट्स गॉट फ्लॅटन्ड इन द स्टॉर्म' म्हणजे वादळात केळी आडवी झाली. यावल-रावेरकडच्या पोरांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. बरी गोष्टही अशी येऊ शकते, 'शी गॉट सिलेक्टेड'. पण जिथे कुणी विचार करून, ठरवून काही केलं, तिथे साधं 'वॉज' बरं दिसतं. 'द स्कूल वॉज बिल्ट इन १९५८' लिहावं, 'गॉट बिल्ट' लिहिलं तर शाळा चुकून बांधली गेल्यासारखी वाटते.

उरले ते जोडशब्द: 'गेट अप', 'गेट ओव्हर' वगैरे. यांच्या याद्या बाजारात पुस्तकं भरभरून मिळतात आणि मुलं त्या पाठ करून विसरतात. मी एक करतो. मराठीतल्या आपल्या बोलण्यातून उलटं जातो. 'पत्र लिहायला मुहूर्तच लागला नाही', हे झालं 'गेट राउंड टू': 'आय नेव्हर गॉट राउंड टू रायटिंग'. 'एवढ्या पगारात कसं भागतं?' हे 'गेट बाय'. 'त्याला सगळं पचतं', म्हणजे लबाडी करूनही काही होत नाही, हे 'गेट अवे विथ'. सासू-सुनेचं पटतं, 'गेट अलाँग'. फोन लागला, 'गेट थ्रू'. ताप गेला किंवा दुःखातून सावरला, 'गेट ओव्हर'. 'तुझा रोख कुठे आहे?' हे 'व्हॉट आर यू गेटिंग अॅट?' उट्टं काढलं, 'गॉट बॅक अॅट हिम'. अशी एक-एक म्हण किंवा बोलण्यातलं वाक्य दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, आठवडाभर पुसू नका. 'गेट अप' आणि 'वेक अप' यांचा फरक मात्र लगेच सांगा: 'वेक अप' म्हणजे जाग येणं, 'गेट अप' म्हणजे अंथरूण सोडणं. पोरांच्या बाबतीत या दोहोंत किती अंतर असतं ते आयांना विचारा.

कुठे वापरू नये, हेही सांगायला हवं, कारण एकदा हा शब्द हाताशी आला की मुलं सगळीकडे तोच ठोकतात. अर्जात, सरकारी पत्रात, निबंधात त्याला जरा मागे ठेवा. 'आय हॅव गॉट युअर लेटर' ऐवजी 'आय हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर'. दाखला मिळवायचा तर 'ऑब्टेन', पोचायचं तर 'अराइव्ह' किंवा 'रीच', अवघड होत गेलं तर 'बिकेम डिफिकल्ट'. काही जुने मास्तर 'गेट'ला वर्गात घेतच नसत, गावंढळ शब्द म्हणून. ते मला पटत नाही. बोलण्यात 'ऑब्टेन' म्हणणारा माणूस बाजारात धोतरावर कोट घालून आल्यासारखा दिसतो. बोलताना 'गेट', लिहिताना विचार करून, एवढं तारतम्य आठवीला जमतं.

आता तुमचा उपप्रश्न. 'गॉटन' चूक नाही. 'गेट' हा शब्दच मुळात इंग्लंडात उत्तरेकडून आलेला आहे. स्कँडिनेव्हियातून जे लोक आठव्या-नवव्या शतकापासून समुद्रमार्गे येऊन लुटालूट करत होते, आणि पुढे तिथेच शेती करून राहिले, त्यांच्या भाषेत 'गेटा' असं क्रियापद होतं. मिळवणे, साधणे अशा अर्थाचं. 'टेक', 'दे', 'एग', 'स्काय' हे शब्दही त्यांचेच. शेजाऱ्याचा शब्द घरात येऊन घरच्यापेक्षा जास्त वापरात यावा याचं नवल गुजराती, नेमाडी, भिली आणि मराठीच्या चौकात राहणाऱ्या माणसाला वाटू नये. या क्रियापदाचं तिसरं रूप जुन्या इंग्रजांच्या तोंडी 'गॉटन' होतं. तेच रूप घेऊन ते अमेरिकेला गेले. मागे राहिलेल्यांनी हळूहळू ते टाकून 'गॉट'वर भागवलं. पण 'फर्गेट'चं 'फर्गॉटन' ब्रिटिश आजही म्हणतात, आणि हरामाच्या पैशाला 'इल-गॉटन' म्हणतात, म्हणजे जुनं सामान माळ्यावर पडूनच आहे.

अमेरिकेत तर या दोन रूपांनी कामं वाटून घेतली आहेत. 'ही हॅज गॉट अ कार' म्हणजे त्याच्याकडे गाडी आहे. 'ही हॅज गॉटन अ कार' म्हणजे त्याने गाडी घेतली. 'इट हॅज गॉटन कोल्ड' म्हणजे गारठा वाढलाय. असणं 'गॉट'कडे, होणं 'गॉटन'कडे. सक्तीच्या वाक्यात मात्र तिथेही 'गॉट'च: 'आय हॅव गॉट टू गो'. तिथे 'गॉटन' घातलं तर 'जायला मिळालं' असा अर्थ होतो. तेव्हा त्या मुलाला चूक म्हणू नका. तुमच्या वर्गाला सांगा की आपली पुस्तकं ब्रिटिश वळणाची आहेत, पेपरात तिसरं रूप 'गॉट' लिहा. तो दिवाळीला गावी आला तर त्याला वर्गावर घेऊन जा आणि मुलांना त्याच्याशी इंग्रजीत बोलू द्या. फळ्यावर फक्त त्याच्या तोंडून आलेलं प्रत्येक 'गेट', 'गॉट', 'गॉटन' त्याच्या उजवीकडच्या शब्दासकट टिपायला एक पोरगी उभी करा.